पेशव्यांच्या चाकरांचे चर्च

सोलापूरच्या कॅथलिकांचा धर्मप्रांत पुण्याचा. या धर्मप्रांताचे मूळ शोधू लागले की बहुतेक जण इंग्रजांच्या छावणीपाशी येऊन थांबतात. प्रत्यक्षात धागा त्याही मागे, नाना पेठेत जातो. क्वार्टर गेटजवळचे निष्कलंक मरियामातेचे चर्च, पुणेकरांच्या तोंडी ‘सिटी चर्च’, १७९२ सालचे आहे. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता.

पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक लोक चाकरीला होते. मुलूख सोडून आलेल्या या माणसांना मिस्सा, बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी यांसाठी हक्काचे ठिकाण हवे होते. फौजेतले पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्हा यांना सवाई माधवराव पेशव्यांकडून त्यासाठी जागा मिळाली.

सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे; कारभार नाना फडणिसांच्या हाती. नाना पेठ त्यांनी आदल्याच वर्षी, १७९१ मध्ये वसवली होती. म्हणून या देणगीत नुसते औदार्य पाहू नये, असे मला वाटते. नव्या पेठेला वस्ती हवी होती, आणि चाकरीतली माणसे टिकवायची तर त्यांचा देवही जवळ हवा.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या. त्यांतली एक मेणवलीला, नानांच्याच वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर मरियेची प्रतिमा आणि १७०७ हे साल आहे. त्याच नानांच्या कारभारात मरियेच्या नावाने चर्चला जागा मिळाली. शत्रूचे चर्च आणि चाकरांचे चर्च यांचे हिशेब पेशवाईने वेगवेगळ्या खात्यांवर मांडले होते.

पहिली वास्तू साधी, मातीची होती. तिच्या जागी आजची पक्की वास्तू आली ती १८५२ मध्ये. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५० मध्ये, इंग्रज फौजेतल्या आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले होते. एकाच शहरात परमुलखातून आलेल्या शिपायांची ही दोन चर्चे. पंथ एक, मिस्साची लॅटिन भाषाही एक. वरिष्ठ मात्र निराळे. सिटी चर्च पोर्तुगालच्या राजाश्रयाखालच्या, म्हणजे ‘पाद्रोआदो’तल्या, गोव्याच्या आर्चबिशपांकडे, तर सेंट पॅट्रिक रोमने थेट नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांकडे.

१८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि कॅथीड्रलचा मान सेंट पॅट्रिकला गेला. इतिहास सांगताना माणसे मानाच्या वास्तूपासून सुरुवात करतात, त्यामुळे पुण्यातल्या कॅथलिकांची गोष्टही छावणीपासून सुरू होऊ लागली आणि चर्च म्हणजे इंग्रजांनी आणलेली वस्तू, असा समज पक्का झाला. वयाने थोरले चर्च मात्र पेठेतच आहे, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर.