घरचा लाउडस्पीकर : केवढा असावा व कसा करावा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील बहुतेक प्रत्येक कुटुंबांत हातानें कांहीं घडविण्याची हौस असलेला एखादा तरी मुलगा किंवा मुलगी असतेच. अलीकडे या हौसेला घरीं लाउडस्पीकर बांधण्याचें एक नवें क्षेत्र लाभलें आहे. बाजारांत तयार स्पीकरांचा सुकाळ असतां हा खटाटोप कशाला, असें वडील मंडळी विचारतात. आणि तरुण मंडळी बहुधा जमीन हादरविणाऱ्या सबवूफरचींच स्वप्नें पाहात असल्यामुळें त्या प्रश्नाला धार येते. आमच्या मतें हा छंद उत्तम आहे आणि घरांत त्याला उत्तेजनच मिळावें. मात्र आरंभींच एक गोष्ट ठरविली पाहिजे. स्पीकर करावयाचा तो आपल्या संगीतासाठीं, आपल्या खोलीसाठीं आणि आपल्या शेजाऱ्यांचा विचार करून. एवढें ठरलें म्हणजे त्याचें आकारमान आपोआप ठरतें.

यंत्राची रचना मुळांत साधी आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें व तें कागदाच्या शंकूला चिकटविलेलें असतें. वेटोळ्यांतून गाण्याबरहुकूम बदलणारा विद्युत्प्रवाह वाहूं लागला, कीं तें मागें-पुढें हालतें, त्याबरोबर शंकू हालतो आणि शंकूबरोबर हवा. जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील राइस व केलॉग या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९२५ मध्यें हा प्रकार व्यवहारोपयोगी करून प्रसिद्ध केला; पुढें दोनच वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. हाच स्पीकर टेबलावर उघडा ठेवून वाजविला, तर त्याचे खोल स्वर नाहींसे होतात. शंकू पुढें सरतांना पुढची हवा दाबली जाते त्याच क्षणीं मागची विरळ होते, आणि दोन्ही लाटा कडेनें वळून एकमेकींना मारून टाकतात. त्या दोघींची गांठ पडूं न देणें हें पेटीचें पहिलें काम होय.

येथें पुष्कळांचा एक स्वाभाविक गैरसमज होतो. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ति वाचकांस ठाऊक आहेच. २०२४ मध्यें तेथील सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या तंबोऱ्याचा भोपळा व तबली तारेबरोबर कांपतात, म्हणून नाद भरीव होतो. यावरून स्पीकरची पेटीही पातळ व घुमणारी असावी, असें वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति उलट आहे. तंबोरा स्वतः गातो. स्पीकरनें दुसऱ्याचें गाणें जसेंच्या तसें पोंचवावयाचें असतें. म्हणून तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे, आणि स्पीकरची पेटी गप्प राहिली पाहिजे. तिच्या फळ्या जाड, सांधे हवाबंद व आंत आडवा आधार असावा. तयार पेटीवर बोटानें टिचकी मारून पाहावी. आवाज जितका भरीव व तोकडा, तितकी पेटी चांगली.

आतां ती केवढी असावी? १९५४ मध्यें एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थांनीं दाखवून दिलें, कीं बंद पेटींत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगप्रमाणें राबवितां येतें व त्यायोगें लहान पेटींतूनही खोल स्वर मिळतात. पुढें ऑस्ट्रेलियांत थील यांनीं १९६१ मध्यें व त्यांच्या मागून स्मॉल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या सर्वांचें गणित बसविलें. चांगला कारखानदार आतां आपल्या स्पीकरबरोबर त्या गणिताला लागणारे आंकडे देतो. ज्या मालाबरोबर ते मिळत नाहींत तो नवशिक्यानें घेऊं नये. उदाहरणार्थ, एका साडेसहा इंची स्पीकरची मूळ कंपनसंख्या सेकंदाला ४०, त्याच्या लवचिकपणाशीं तुल्य हवा २० लिटर, आणि ज्याला क्यू म्हणतात तो आंकडा ०.४ आहे असें समजूं. त्याला सुमारें साडेनऊ लिटरची बंद पेटी लागते. म्हणजे आंतून १८, २२ व २४ सेंटिमीटर. ही पेटी सुमारें ७० कंपनांपर्यंतचा स्वर नीट देते आणि त्याखालीं हळूहळू उतरत जाते.

सत्तर हा आंकडा पाहून तरुणांची निराशा होईल. सबवूफर तीसपर्यंत जातो, असें ते म्हणतील. परंतु आपल्या घरांत काय ऐकलें जातें, तें पाहूं. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार एक सप्तक खालीं, म्हणजे ६९ वर. काळी चारमध्यें गाणाऱ्या स्त्रीच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें १०४ वर येतो. ख्याल असो, नाट्यपद असो, अभंग असो वा संध्याकाळच्या बातम्या असोत, गळ्याचें व तंतुवाद्याचें जवळजवळ सारें वैभव सत्तरच्या वरच नांदतें. त्याखालचें राज्य मुख्यतः चित्रपटांतील स्फोटांचें व आधुनिक नृत्यसंगीताचें आहे. आणि त्याची किंमतही मोठी आहे. तोच जोर राखून एक सप्तक खालीं उतरावयाचें, तर चौपट हवा हालवावी लागते. म्हणून शंकू मोठा, पेटी अवजड व खर्च दांडगा.

शिवाय खोली आहेच. बारा फूट लांबीच्या खोलींत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें ४७ कंपनांच्या सुमारास स्वर सांचूं लागतो व आपोआप फुगतो. उपनगरांतील आपल्या खोल्या बहुधा याच मापाच्या. अशा खोलींत मोठा सबवूफर आणून ठेवला, कीं सर्व गाण्यांना एकच घुमारा येतो. लहान बंद पेटी जेथें उतरूं लागते, तेथें खोली तिला थोडा हात देते. पेटी कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून हातभर दूर ठेवली, म्हणजे स्वर अधिक स्वच्छ होतो.

शेजाऱ्यांची गोष्ट याहून महत्त्वाची. ध्वनिप्रदूषणाविषयीं २००० सालीं झालेल्या नियमांनीं निवासी भागांत दिवसां ५५ व रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. परंतु हे डेसिबेल मोजण्याची जी पद्धति आहे, ती खोल स्वरांना फार कमी लेखते. ६३ कंपनांचा स्वर तींत सुमारें २६ डेसिबेलनीं उणा धरला जातो. उलट भिंत उंच स्वर अडविते, खोल स्वर मात्र सहज पलीकडे जाऊं देते. म्हणजे यंत्र दोष दाखविणार नाहीं आणि तरीही पलीकडच्या घरांतील आजारी माणसाच्या उशाशीं धडधड चालूच राहील. जेथें कायद्याचें माप अपुरें पडतें, तेथें शेजारधर्मानेंच काम केलें पाहिजे. नवा स्पीकर लावून करणाऱ्यानें स्वतः शेजारच्या घरीं जाऊन पांच मिनिटें ऐकावें, हें आम्ही आग्रहानें सांगतों.

आतां साहित्य व सजावट. स्पीकर व सुटे भाग लॅमिंग्टन रोडला, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गाला, मिळतात. अंधेरी-बोरिवलीकरांनीं धीम्या गाडीनें ग्रँट रोडला उतरावें. घाटकोपर-मुलुंडच्या मंडळींनीं दादरला गाडी बदलावी. लाकूडकामासाठीं जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार जवळचा आहे. भुश्याची दाबीव फळी कापावयास सोपी, पण मुंबईच्या पावसाळ्यांत तिच्या कडा फुगतात. म्हणून ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचें पाण्यांत टिकणारें प्लायवुड, १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचें, घ्यावें. सांध्यांना १९५९ पासून घरोघरीं माहीत झालेलें व आतां अंधेरींतूनच कारभार चालणाऱ्या कंपनीचें फेविकॉल पुरेसें आहे. शंकूची कडा रबराची पाहावी. फोमची कडा कांहीं वर्षांत कुजून झडते. पेटींत उशींत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैल भरावा. लाखेचें पॉलिश पावसाळ्यांत लावलें तर त्यावर पांढुरकी झांक येते. म्हणून तें काम दसऱ्यानंतर काढावें, पातळ हात द्यावेत व दोन हातांमध्यें बारीक पॉलिशकागद फिरवावा. पहिल्या प्रयत्नास एकाच शंकूचा फुल-रेंज स्पीकर व अडॅप्टरवर चालणारा छोटा तयार अँप्लिफायर घ्यावा. म्हणजे घरच्या २३० व्होल्टांच्या विजेशीं मुलांचा थेट संबंध येत नाहीं. डाख देऊन झाल्यावर हात साबणानें धुवावेत, कारण त्यांत शिसें असूं शकतें.

शेवटीं एक सूचना. पाठीमागची फळी न चिकटवितां रबरी पट्टी लावून स्क्रूनीं बसवावी, आणि तिच्या आंतल्या बाजूस स्पीकरचें नांव, त्याचे आंकडे, पेटीचें माप व तारीख पेन्सिलीनें लिहून ठेवावी. वीस वर्षांनीं शंकू थकेल, पेटी थकणार नाहीं. तेव्हां घरांतील दुसरें कोणी तरी ती उघडील, आणि काय आणावयाचें तें त्याला तेथेंच वाचावयास मिळेल.