ट्रॉलीची वाहतूक आणि डिझेलची काटकसर

ट्रॅक्टर विकत घेताना शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम नांगरणी असते. तथापि वर्षाचा हिशेब मांडल्यास ट्रॅक्टरचे पुष्कळसे तास शेतात न जाता रस्त्यावर ट्रॉली ओढण्यात जातात, असे अनेक ठिकाणी आढळून येईल. ऊस कारखान्यावर न्यावयाचा, कांदा बाजार समितीत पोहोचवावयाचा, शेणखत व कडबा आणावयाचा, ही सारी कामे ट्रॉलीनेच होतात. नांगरणीस एकरी किती डिझेल लागले हे शेतकरी ध्यानात ठेवतो. परंतु ट्रॉली घरचीच असल्याने वाहतुकीचा खर्च बहुधा मोजला जात नाही. जो खर्च मोजला जात नाही तो कमीही होत नाही. यास्तव ट्रॉली ओढताना डिझेल नेमके कशात खर्च होते, आणि काटकसर कोणती व काटकसरीचा केवळ भास कोणता, हे समजून घेणे हितावह ठरेल.

डिझेल कशात खर्च होते?

ट्रॅक्टरच्या वेगाने जाताना हवेचा अडथळा अल्प असतो. इंजिनास मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते : चाकांना रस्त्याचा होणारा अवरोध आणि चढ. हे दोन्ही एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतात.

समजा, ट्रॅक्टरचे वजन २ टन, रिकाम्या ट्रॉलीचे दीड टन आणि मालाचे साडेतीन टन, असे एकूण ७ टन वजन आहे. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर अवरोध वजनाच्या शेकडा २ इतका धरल्यास ही जोडी ओढण्यास सुमारे १४० किलो जोर लागतो. कच्च्या गाडीवाटेवर हेच प्रमाण शेकडा ५ धरल्यास सुमारे ३५० किलो, आणि नांगरलेल्या मऊ रानात शेकडा १० धरल्यास सुमारे ७०० किलो जोर लागतो. दर २० मीटर चालीस १ मीटर चढ असल्यास वजनाच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे आणखी ३५० किलो, जोर त्यात मिळवावा लागतो.

या आकड्यांवरून एक उपयुक्त अनुमान निघते. कच्च्या वाटेचे २ किलोमीटर डांबरी रस्त्याच्या ५ किलोमीटरांइतके महाग पडतात. तेव्हा जवळची पाणंद सोडून थोड्या लांबच्या पक्क्या रस्त्याने जाणे पुष्कळदा स्वस्त ठरते. तसेच भरलेली ट्रॉली रानात आतपर्यंत न नेता ती बांधाकडेच्या टणक जागी उभी करून माल तेथे आणावा. पाणंदीतील खड्डे गावाने मिळून मुरूम टाकून बुजविल्यास त्याचा लाभ प्रत्येक खेपेला पदरात पडतो.

रिकामी खेप आणि अर्धी खेप

वरील उदाहरणात रिकामी परतणारी जोडी साडेतीन टनांची आहे. म्हणजे मालाविना परत येण्यासही जातानाच्या जवळजवळ निम्मे काम पडते. हाच साडेतीन टन माल दोन अर्ध्या खेपांत नेल्यास जाण्या-येण्याचे मिळून ओढावयाचे वजन एका पूर्ण खेपेच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशाने वाढते. यास्तव दोन शेजाऱ्यांनी आपला माल एकत्र भरून बाजारात न्यावा. परतीच्या खेपेस रासायनिक खत, पेंड किंवा कारखान्यावरील मळी आणावी.

मात्र पूर्ण खेप म्हणजे जादा भार नव्हे. ट्रॉलीच्या नोंदणीपत्रात लिहिलेले वजन ही मर्यादा होय. ती ओलांडल्याने वाचलेले डिझेल टायर, आस आणि क्लच यांच्या दुरुस्तीत जाते. शिवाय ब्रेकची मर्यादा ओलांडली जाते, ती वेगळीच.

भार कसा भरावा?

दोन चाकी ट्रॉलीत माल कोठे ठेवला यावर बरेच अवलंबून असते. जड माल चाकांच्या आसापासून किंचित पुढे ठेवावा, म्हणजे भाराचा थोडा अंश हुकावर येऊन ट्रॅक्टरची मागील चाके रस्ता घट्ट धरतात. माल मागे गेल्यास हुक वर उचलला जातो, चाके जागीच फिरू लागतात, आणि डिझेल जळूनही वाट सरत नाही. उलट भार फारच पुढे आल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबा कमी होतो. चार चाकी ट्रॉलीचा भार हुकावर येत नसल्याने चढावर चाके घसरण्याचा संभव अधिक असतो. ट्रॉली नेहमी ड्रॉबारलाच जोडावी. मागील आसापेक्षा उंच जागी जोडून ओढल्यास ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटण्याचा धोका असतो.

टायर, गिअर आणि वेग

शेतात टायरमध्ये हवा कमी असणे उपयोगी पडते. रस्त्यावर मात्र तीच गोष्ट तोट्याची ठरते. कमी हवेचे टायर अधिक दबतात, तापतात आणि ओढ वाढवितात. यास्तव वाहतुकीचा हंगाम सुरू होताच ट्रॅक्टरच्या व ट्रॉलीच्या टायरमधील हवेचा दाब उत्पादकाच्या तक्त्यानुसार तपासावा. नांगर वा कल्टिव्हेटर मागे टांगून ट्रॉलीची खेप करू नये.

सपाट रस्त्यावर भार हलका असताना वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर कमी ठेवावा. इंजिन कमी फेऱ्यांत तेच काम करते व डिझेल कमी लागते. परंतु इंजिन धडधडू लागले, काळा धूर येऊ लागला किंवा ॲक्सिलरेटर दाबूनही फेरे वाढेनासे झाले, तर खालचा गिअर घ्यावा. काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेले डिझेल होय. हलक्या भारावरही असा धूर येत असल्यास एअर क्लीनर व इंजेक्टर तपासून घ्यावेत.

कारखान्याच्या वजनकाट्यापुढील रांगेत इंजिन चालू ठेवण्याची सवयही सोडावी. उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल फुकट जाळते.

उतारावरील खोटी काटकसर

घाट उतरताना गिअर न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडून दिल्यास डिझेल वाचते, अशी समजूत चालकांत आढळते. ही समजूत चुकीची आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा चाकेच इंजिनास फिरवितात आणि गव्हर्नर डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचत मुळात होतच नाही.

आता धोक्याचा विचार करावा. दर १० मीटर चालीस १ मीटर उतार असल्यास वरील ७ टनांच्या जोडीस उतार ७०० किलो जोराने खाली खेचतो. चाकांचा अवरोध वजा जाता ५६० किलो जोर उरतो, आणि तो अडविण्याचे काम इंजिन व ब्रेक यांचे असते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. २ टनांच्या ट्रॅक्टरचे ब्रेक ५ टनांच्या ट्रॉलीस थोपवितात, हे चालकाने विसरू नये. न्यूट्रल केल्यावर इंजिनाची रोख नाहीशी होते, ब्रेक तापून निकामी होऊ लागतात, आणि मागून रेटणारी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. अशा वेळी पुन्हा गिअर पडत नाही.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उताराच्या तोंडाशीच टाकावा. मध्ये बदलू नये व क्लच दाबून ठेवू नये. शेतात वळण्यासाठी वेगवेगळे ठेवलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी खिट्टीने एकत्र जोडावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास भरधाव ट्रॅक्टर उलटू शकतो. रात्री ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या व दिवा असणे अत्यावश्यक आहे.

इंधनाची निवड

ट्रॅक्टरसाठी डिझेल हेच मुख्य इंधन आहे. त्यात रॉकेल मिसळल्यास पैसे वाचल्यासारखे वाटते. परंतु इंधनपंप व नोझल यांना वंगण डिझेलकडूनच मिळते, आणि रॉकेलाने ते कमी पडते. प्रमाणित बायोडिझेलच्या एका लिटरात डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी उष्णता असते. ते उत्पादकाने संमत केलेल्या प्रमाणातच वापरावे. बायोडिझेल या नावाने विकले जाणारे अप्रमाणित मिश्रण घेऊ नये. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेलवरून सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर प्रथम सादर झाला. १ किलो सीएनजीत सुमारे १.३ लिटर डिझेलइतकी उष्णता असते; परंतु पंप जवळ नसल्यास गॅस भरण्याच्या फेऱ्यांतच लाभ संपतो.

जीप वा पिकअपमागे हलका ट्रेलर जोडणाऱ्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा अधिक उष्णता असते व डिझेल इंजिन तिचा उपयोगही अधिक चांगला करते. तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के उष्णता कमी असते. दुसरी म्हणजे या वेगांत हवेचा अडथळा महत्त्वाचा ठरतो व तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. म्हणून माल ठेंगणा रचून ताडपत्री घट्ट बांधावी आणि वेग आवरावा.

पिंपातील डिझेलमध्ये पाणी व गाळ तळाशी बसतो. पिंप हलविल्यावर एक दिवस स्थिर ठेवावे, तळाचे डिझेल उपसू नये व टाकीत गाळूनच ओतावे. दिवसाचे काम संपताच टाकी भरावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने आत पाणी धरत नाही.

स्वतःचा हिशेब

निघण्यापूर्वी सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी आणि परतल्यावर त्याच जागी पुन्हा भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर लागतील तितका खेपेचा खर्च होय. मालाचे टन आणि अंतराचे किलोमीटर यांच्या गुणाकाराने त्यास भागावे. उदाहरणार्थ, साडेतीन टन माल २० किलोमीटर नेऊन रिकामे परत येण्यास ६ लिटर लागले, तर ७० टन-किलोमीटरांस ६ लिटर, म्हणजे दर टन-किलोमीटरास सुमारे ८६ मिलिलिटर खर्च आला. पाच खेपांची अशी नोंद वहीत ठेवावी. त्यानंतर टायरची हवा, रस्ता, गिअर किंवा परतीचा माल यांपैकी एकेक गोष्ट बदलून पुन्हा पाच खेपा मोजाव्यात. कोणत्या सुधारणेने आपल्या ट्रॅक्टरवर किती बचत झाली, हे ती वहीच सांगेल. आणि घाटात न्यूट्रल करून एक थेंबही वाचत नाही, हे सांगण्यास तर वहीचीही गरज नाही.