न झालेल्या दुरुस्तीचा हिशेब

विठ्ठलवाडी स्टेशनावर उतरून उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये शिरले की जुन्या बराकींच्या वस्तीतल्या गल्ल्या लागतात. गटाराच्या कडेने गेलेली घरोघरच्या नळांची भेंडोळी, दारात निळे पिंप, आणि पाणी यायच्या वेळी एका सुरात घरघरणाऱ्या छोट्या मोटरी. ही मोटर चैन नव्हे. शेजाऱ्याने लावली की आपल्यालाही लावावीच लागते, नाहीतर आपल्या नळाला नुसती हवा येते. सार्वजनिक व्यवस्थेची न झालेली दुरुस्ती शेवटी कोण भरून काढतो, हे समजून घ्यायला ही मोटर पुरेशी आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या नगराची कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून नाव पडले, आणि पत्ते मात्र छावणीचेच राहिले : कॅम्प १ ते ५. युद्ध संपले की गुंडाळायच्या वसाहतीला माणूस आयुष्यभराच्या सोयी करत नाही. तात्पुरत्या पायावर शहर वाढत गेले. २०११च्या जनगणनेत सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये ५,०६,०९८ माणसे मोजली गेली, म्हणजे चौरस किलोमीटरला जवळजवळ ३९ हजार.

या शहराला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घ्यावे लागते. ते पाणी येते ते विजेवर. हजार लिटर पाणी ५० मीटर उंच चढवायला पंपाची झीज धरून साधारण ०.२ युनिट वीज लागते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण धरून पाच लाख लोकांचा गुणाकार केला, तर दिवसाला सुमारे १४ हजार युनिट होतात. आता समजा, वाटेत एक तृतीयांश पाणी गळते. तेवढेच पाणी घरात पोचवायला दीडपट उपसावे लागेल आणि वीज २१ हजार युनिटवर जाईल. रोजचे सात हजार युनिट जमिनीत जिरले. हा माझा कागदी हिशेब आहे, महापालिकेचा नव्हे. पण पाइपलाइन नीट ठेवणे हे वीज वाचवण्याचेच काम आहे, एवढे त्यातून कळते.

मग दुरुस्ती का होत नाही? पैसा नाही, हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ टेंटर यांनी १९८८च्या ग्रंथात मांडले, की समाज प्रत्येक अडचणीवर आणखी एक व्यवस्था उभारतो आणि प्रत्येक नव्या व्यवस्थेतून मिळणारा लाभ घटत जातो. शेवटी शिल्लक सगळी जुने टिकवण्यात जाते. मला यात एक भर घालावीशी वाटते : टंचाई दुरुस्तीच्या आड येतेच, पण त्याआधी ती व्यवस्थेला अकाली म्हातारी करते.

पाइपचेच पाहा. पाणी कमी म्हणून पुरवठ्याचे तास कमी होतात. रोज भरणाऱ्या आणि रोज रिकाम्या होणाऱ्या पाइपचे सांधे धक्क्यांनी ढिले होतात. रिकाम्या लोखंडी पाइपात हवा शिरून तो आतून गंजतो. पाणी गेल्यावर आत पोकळी झाली की गटाराचे पाणी फटीतून ओढले जाते, आणि दारोदारच्या मोटरी ही ओढ वाढवतात. गळती वाढते, म्हणून तास आणखी कमी होतात. वरून रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले असेल तर गळका सांधा उघडायचा म्हणजे नवा रस्ता फोडायचा. कुठला नगरसेवक ते होऊ देईल?

अनुदानाचा साचाही याला हातभार लावतो. २००५ची जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना काय किंवा २०१५ची अमृत काय, पैसा प्रामुख्याने नव्या भांडवली कामांना मिळाला. देखभाल शहराने आपल्या वसुलीतून करायची. सावित्रीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला, गाड्यांसह माणसे गेली. आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. पैसा, पोलाद, सिमेंट, इंजिनियर सगळे होते. जुना पूल उभा असताना ते त्याच्या वाट्याला आले नाही. डच अभियंता डी सिटर यांनी १९८४ मध्ये काँक्रीटसाठी एक ठोकताळा दिला : बांधतानाच्या काळजीवरचा एक रुपया टाळला, तर पुढे देखभालीला पाच, मग दुरुस्तीला पंचवीस आणि शेवटी पुनर्बांधणीला सव्वाशे रुपये.

उल्हासनगरला हा हिशेब रेतीने शिकवला. नव्वदच्या दशकात रेती मिळेनाशी झाली तेव्हा इथल्या अनेक इमारती ‘उलवा रेती’ने, दगडाचा चुरा मिसळून बांधल्या गेल्या, असे शहरात सर्रास सांगितले जाते. हलक्या रेतीचे काँक्रीट सच्छिद्र होते. पावसाळी दमट हवा आत शिरते, काँक्रीटचा अल्कधर्मी गुण उतरतो आणि सळईवरचे संरक्षण जाते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, म्हणून स्लॅब आतून फुटतो. गिलावा मारला की वर्षभर काही दिसत नाही. १५ आणि २८ मे २०२१ रोजी कॅम्प १ आणि २ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि दोन्ही मिळून दहाहून अधिक माणसे गेली.

कायद्याप्रमाणे संरचनात्मक तपासणी सक्तीची होते ती इमारत तीस वर्षांची झाल्यावर. या इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे तपासणीच्या वयाला पोचण्याआधीच गेल्या. दुर्घटनांनंतर जुन्या इमारतींना तपासणीच्या नोटिसा निघाल्या. पण तपासणीचे पैसे रहिवाशांनीच द्यायचे, आणि इमारत धोकादायक ठरली तर पुढे काय? अनेक बांधकामांना परवानगीच नव्हती. २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा करावा लागला तो त्यामुळेच. जिथे जमिनीची सनद आणि मंजूर नकाशा हाती नाही, तिथे बँक कर्ज द्यायला कचरते आणि बिल्डर फिरकत नाही. मग सोसायटी वर्गणी काढून पुन्हा गिलावा करून घेते. कॅम्प ४ मधल्या चार मजली इमारतींत या पावसाळ्यानंतरही तेच काम चालू होते. जिन्यात सिमेंटची पोती आणि वर, गच्चीत, प्रत्येक घराची वेगळी पाण्याची टाकी.