चिमटीतली रांगोळी आणि मनःस्थिती

हाताने काम केले की मन हलके होते, हे विधान इतके सरसकट केले जाते की काम नेमके कसले, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. आखून दिलेल्या मापाबरहुकूम केलेले काम आणि सुचेल तसे पुढे नेलेले काम यांचा मनावरील परिणाम एकच नसतो, असे गेल्या दोन दशकांतील काही प्रयोगांवरून दिसते. आणि हा भेद समजून घ्यायला मुंबईतील चेंबूर सोयीचे आहे, कारण मराठी रांगोळी आणि तमिळ कोलम या दोन्ही परंपरा तेथे शेजारच्या दारांपुढे नांदतात.

ठिपक्यांच्या रांगोळीत छिद्रे पाडलेला कागद जमिनीवर अंथरून त्यावर पूड पसरली की समान अंतरावर ठिपके उमटतात आणि ते कोणत्या क्रमाने जोडायचे एवढाच प्रश्न उरतो. छेडानगरच्या मुरुगन मंदिराच्या परिसरातील तमिळ घरांना परिचित असलेल्या ‘सिक्कु कोलम’ या प्रकारात तर रेघ ठिपक्यांना जोडत नाही, त्यांना वळसे घालत जाते आणि अखेर सुरुवातीच्या जागी येऊन मिळते. एक वळण चुकले तर ती मिळत नाही आणि चूक लपवताही येत नाही. या आकृत्यांमागचे नियम इतके काटेकोर आहेत की १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकशास्त्रातील ‘चित्र-व्याकरणा’च्या, म्हणजे ठरावीक नियमांनी आकृत्या निर्माण करण्याच्या पद्धतीच्या, अभ्यासासाठी कोलमचाच आधार घेतला. याउलट संस्कार भारतीची म्हणून ओळखली जाणारी रांगोळी ठिपक्यांवाचून, पाची बोटांतून सोडलेल्या जाड रेघांनी फुलत जाते. आणि चैत्रात अंगणी काढले जाणारे चैत्रांगण या दोहोंच्या मध्ये बसते, कारण शंख, चक्र, गोपद्मे, कासव ही चिन्हे त्यात परंपरेने ठरलेली असली तरी त्यांची मांडणी काढणारीच्या मर्जीवर असते.

ब्रिटिश कारागीर आणि अध्यापक डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये कारागिरीचे दोन प्रकार कल्पिले होते: ज्यात साधनामुळे फळ आधीच निश्चित झालेले असते ती खात्रीची कारागिरी, आणि ज्यात अखेरच्या क्षणापर्यंत सर्व काही हातावर अवलंबून असते ती जोखमीची. ठिपक्यांचा कागद हे खात्रीचे साधन होय, पण ते अर्धेच, कारण ठिपके कागद देतो आणि रेघ मात्र अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतूनच सुटावी लागते. बोटे जरा घट्ट आवळली की ती तुटते, सैल पडली की पूड सांडून पसरते. दारापुढे चिकटवायच्या तयार रांगोळीत ही जोखीम उरत नाही, आणि म्हणून मनःस्थितीच्या चर्चेत तिला स्थान देण्याचे कारणही नाही.

नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांना प्रथम एक भीतिदायक अनुभव लिहायला लावून मुद्दाम अस्वस्थ केले आणि नंतर त्यांच्यापैकी काहींना मंडल, म्हणजे वर्तुळातील सममित नक्षी, काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. नक्षी रंगवणाऱ्या दोन्ही गटांची चिंता उतरली, कोऱ्या कागदाच्या गटाची तितकी उतरली नाही. २०१२ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मंडलाचा निष्कर्ष टिकला, चौकड्यांचा टिकला नाही. त्यामुळे केवळ आखीवपणा पुरेसा नसून नक्षीत मन गुंतेल एवढी गुंतागुंतही असावी लागते, असा तर्क करता येतो. चिंता ही बुद्धीची कार्यस्मृती, म्हणजे त्या क्षणी हाताळत असलेली माहिती धरून ठेवणारी क्षमता, व्यापून टाकते आणि पुढचे पाऊल ठरवून देणारी नक्षी तीच जागा अडवते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. कोरा कागद मात्र पदोपदी निर्णय मागतो, आणि आधीच धास्तावलेल्या मनाला निर्णय हे आणखी एक ओझे होते.

येथे थांबले तर आखीव काम श्रेष्ठ ठरेल. पण मुक्त कामाचे माप वेगळ्या पट्टीने घ्यावे लागते. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आखलेल्या चित्रांत रंग भरणे आणि कलोपचारतज्ज्ञाच्या सान्निध्यात मनाला येईल ते घडवणे यांची तुलना केली, तेव्हा ताण दोन्हींनी कमी झाला, परंतु उल्हास आणि ‘हे आपल्याला जमते’ ही भावना मुक्त कामानेच वाढली. अर्थात तज्ज्ञाच्या सोबतीचा वाटा त्यात किती, हे अशा मांडणीतून वेगळे काढता येत नाही, आणि असे प्रयोग लहान गटांवर, तासाभराच्या आत उरकलेले असतात. तरीही एक भेद ठळक होतो: काळजी ओसरणे आणि उमेद वाढणे या एकाच काट्याच्या दोन दिशा नव्हेत, आणि वृत्तपत्री आरोग्यसल्ल्यात त्यांची जी सरमिसळ होते ती दिशाभूल करणारी आहे.

आखीव आणि मुक्त कामांतील भेदाचा मेंदूच्या पातळीवरचा एक पुरावा संगीतातून येतो. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांचे मेंदू ते वाजवत असताना तपासले. पाठ केलेली रचना वाजवण्याच्या तुलनेत उत्स्फूर्त वादन करताना स्वतःवर देखरेख ठेवण्याशी निगडित असलेल्या, कपाळामागील बाजूच्या भागांची सक्रियता मंदावली आणि मधल्या भागाची वाढली. चेंबूरच्या फाइन आर्ट्स सोसायटीतील कर्नाटक संगीताच्या श्रोत्याला हा भेद परिचित असेल, कारण बांधलेली कृती आणि त्याच रागात जागच्या जागी रचलेले कल्पनास्वर एकाच मैफलीत एकामागून एक येतात.

सरावाचा प्रश्न यात सर्वांत महत्त्वाचा असून प्रयोगांत तो सर्वांत उपेक्षित आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या सिद्धांतानुसार कामाचे आव्हान आणि करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसला तरच तल्लीनता येते. आव्हान जास्त झाले तर धास्ती आणि कमी पडले तर कंटाळा. त्यामुळे पंधरा ओळींची जी रांगोळी नवशिक्या मुलीला श्वास रोखून धरायला लावते, तीच वर्षानुवर्षे रोज उंबऱ्याशी बसणाऱ्या बाईच्या हातून गप्पा मारता मारता उतरते, तिला ती शांतही करत नाही आणि उल्हसितही करत नाही, आणि म्हणूनच सणावाराला ती ठिपक्यांचा कागद बाजूला ठेवून मोकळ्या हाताने रेघ ओढायला घेते.