चाबो कोंबडी व आखूड पायांची किंमत

शोभेकरितां पाळल्या जाणाऱ्या लहान चणीच्या कोंबड्यांस बँटम असें म्हणतात. त्यांत जपानांतील चाबो ही जात विशेष प्रसिद्ध आहे. हें नांव आजच्या व्हिएतनाममधील प्राचीन चंपा राज्यावरून पडलें असें मानितात. जपान सरकारनें १९४१ सालीं या जातीस नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिलें.

हिचें रूप पाहतांच ओळखूं येतें. पाय इतके आखूड कीं पंखांचीं टोकें भुईस लागतात. शेपूट ताठ उभें राहून डोक्याच्याहि वर जातें. कोंबड्याचा एकेरी तुरा मोठा असतो. वजन एक किलोहि भरत नाहीं. अंडीं लहान व बेताचींच मिळतात. तथापि कोंबडी खुडूक बसून पिलें चांगलीं सांभाळते.

परंतु आखूड पायांची ही शोभा फुकट मिळत नाहीं. अशा पायांच्या कोंबड्यांविषयीं अमेरिकेंत लँडॉर व डन यांनीं १९३० सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. पिलास आईकडून एक व बापाकडून एक असे प्रत्येक गुणाचे दोन वांटे मिळतात. आखूडपणाचा एकच वांटा आल्यास पाय आखूड होतात. दोन्ही आल्यास गर्भ बहुधा चौथ्या दिवसाच्या सुमारास अंड्यांतच मरतो. हाडांच्या वाढीस अवश्य असा एक जनुक येथें समूळ गळालेला असतो, असें २०१६ सालीं उघडकीस आलें.

आतां हिशेब पाहूं. नर व मादी दोन्ही आखूड पायांचीं असतील तर १०० फलित अंड्यांपैकीं सरासरीनें २५ मरतात, ५० पिलें आखूड पायांचीं व २५ लांब पायांचीं होतात. उलट, आखूड पायांचा नर व त्याच जातीची लांब पायांची मादी जोडल्यास ५० आखूड व ५० लांब निपजतात, आणि या कारणानें एकहि गर्भ मरत नाहीं. म्हणजे हवीं तीं पिलें दोन्ही रीतींनीं सारखींच मिळतात!

म्हणून हौशी पाळणारांस आमची सूचना अशी कीं, लांब पायांच्या तलंगा निरुपयोगी समजून काढून टाकूं नयेत. तसेंच खुराडें कोरडें व बसावयाचें दांडकें ठेंगणें ठेवावें. ओल्या जमिनीवर या कोंबड्यांचीं पिसें सदा चिखलानें भरतात.