निळा रंग आणि हट्टी पेशी

कच्च्या बटाट्याची एक चकती कापा. मेडिकलमधून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब तिच्यावर टाका. (हे आई-बाबांपैकी कुणाला तरी शेजारी बसवूनच करायचं, आणि डोळे सांभाळून!) आला ना फेस? आता तेच उकडलेल्या बटाट्यावर टाका. ढिम्म! काहीच नाही. आणि घरी कलेजी येत असेल, तर तिच्या कच्च्या तुकड्यावर दोन थेंब टाकून बघा. अबब, नुसता फसफसाट!

ही करामत कॅटलेज नावाच्या विकराची. पेरॉक्साइड दिसलं रे दिसलं, की तो त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. उकडल्यावर तो मोडतो, म्हणून उकडलेला बटाटा गप्प बसतो. यकृतात हा विकर ठासून भरलेला असतो. बरगड्यांखाली उजवीकडे बसलेलं, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचं हे यकृत रात्रंदिवस औषधं, विषं, नको ती रसायनं निस्तरत असतं. त्या धांदलीत पेरॉक्साइड आणि फ्री रॅडिकल तयार होतात. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी पडलेले, त्यामुळे दिसेल त्याच्याकडून तो ओढून घेणारे रेणू. ते पेशीचे पापुद्रे, प्रथिनं, अगदी डीएनएसुद्धा बिघडवतात. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. काही आपलं शरीर स्वतः बनवतं. काही आपण खातो, जसं हैदराबादच्या जामबागेत गाडीवर मिळणाऱ्या पेरूतलं क जीवनसत्त्व.

मग अँटिऑक्सिडंट चांगले आणि फ्री रॅडिकल वाईट, संपली गोष्ट? छे! गंमत तर आता सुरू होते. हैदराबादच्या विवेकवर्धिनी शाळेत शिकणाऱ्यांनो, कान टवकारा, कारण ती तुमच्याच शहरात घडली आहे.

जगभरच्या प्रयोगशाळांत ‘हेप-जी-टू’ नावाच्या पेशी वाढवतात. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाला यकृताचा कर्करोग झाला होता, त्याच्या गाठीतल्या या पेशी. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये बार्बरा नोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाढवल्या आणि १९७९ मध्ये जगाला सांगितलं. तेव्हापासून त्या बशीतल्या बशीत एकीच्या दोन, दोनाच्या चार होतच आहेत. थकणं त्यांना माहीतच नाही!

याच पेशी हैदराबाद विद्यापीठात, म्हणजे गच्चीबोलीला, प्रा. रेड्डण्णा यांच्या गटाने घेतल्या. कर्करोगावर डॉक्सोरुबिसिन नावाचं एक लालभडक औषध देतात. पण काही पेशी अशा हट्टी बनतात, की हे औषध त्यांचं काही बिघडवू शकत नाही. कशा? त्यांच्या बाहेरच्या पापुद्र्यात प्रथिनांचे बारीक पंप असतात. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं की मोटर लावून उपसतात ना, तसे हे पंप आत आलेलं औषध बाहेर फेकतात.

या हट्टी पेशींसमोर शास्त्रज्ञांनी ठेवला एक निळा रंग! स्पिरुलिना नावाचे हिरवट-निळे सूक्ष्मजीव तळ्यात वाढतात. त्यांची पूड पाण्यात भिजवली की फायकोसायनिन हे निळंशार प्रथिन पाण्यात उतरतं. तेही अँटिऑक्सिडंटच. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवर ते टाकलं, तर पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरांच्या, पडद्यावरचा विजेचा दाब बदलला आणि पेशींनी स्वतःच मरायचा मार्ग धरला. हे २००७ मध्ये छापून आलं. पुढे २०१० मध्ये त्याच गटाने दाखवलं, की हा निळा रंग पंपांची संख्याही घटवतो आणि त्या पंपांच्या वाढीशी फ्री रॅडिकलचा संबंध आहे.

आता खरी गोची बघा. कर्करोगाच्या पेशींत फ्री रॅडिकलची गर्दी मुळातच जास्त असते, आणि ती फार वाढली की त्याच पेशी मरतात. म्हणजे काही वेळा आगंतुक अँटिऑक्सिडंट त्या पेशींनाच वाचवायचा! हळदीतलं कर्क्युमिन तर आणखी लबाड. एरवी ते फ्री रॅडिकल आवरतं, पण प्रयोगशाळेतल्या अनेक कर्कपेशींत मात्र तेच वाढवून त्यांना मारतं. माझ्या मते, डब्यावर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेलं दिसलं की हुरळून जाऊ नये, ते याचसाठी.

फिनलंडमध्ये हे फार महागात पडलं. तिथे धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. गाजराला केशरी रंग देणारा तो पदार्थ, त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी सगळ्यांची अटकळ. १९९४ मध्ये निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला!

तर मग स्पिरुलिनाची पूड चमचा चमचा खाल्ली तर? ती पोटात जाईल, आणि फायकोसायनिन हे प्रथिन असल्यामुळे डाळीतल्या प्रथिनासारखंच पचायला लागेल. बशीत पेशी आणि निळा रंग समोरासमोर होते. शरीरात मध्ये जठर आहे, आतडी आहेत, आणि स्वतः यकृतही आहे, जे दिसेल ते रसायन निस्तरायला बसलेलं. हा रंग न मोडता गाठीपर्यंत नेता येईल का, आणि नेला तर शेजारच्या निरोगी पेशींचं काय होईल, हे बशी सांगू शकत नाही.