ल्युथरन कबुल्या आणि आपला टाळ-मृदंग

मागच्या वेळी आपण ‘कबुली’ या शब्दाचा अर्थ पाहिला. आज मजकुराकडे वळू. ल्युथरन हे नाव परभणीकडे फारसं कानावर येत नाही. उदाहरणार्थ छिंदवाड्याचे, स्वीडिश मिशनच्या परंपरेतले. मग हे ग्रंथ आपण का वाचायचे? तर आपल्या मराठी मंडळ्यांतला एक जुना वाद त्यांत नेमका सापडतो : उपासनेत टाळ-मृदंग चालतो का?

२५ जून १५३० रोजी ऑग्सबर्गला सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर २८ कलमांची कबुली वाचली गेली. लिहिली मेलांख्थोनने. ल्यूथर तिथे नव्हताच. त्याच्यावर बंदी होती, तो कोबुर्गच्या किल्ल्यात बसून पत्रं लिहीत होता. सातवं कलम पाहा. मंडळीच्या ऐक्याला काय लागतं? सुवार्तेची शिकवण आणि संस्कारविधी यांवर एकमत असलं की पुरे. माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्या असायलाच हव्यात असं नाही. हा ‘पुरे’ शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. तर्कशास्त्रात आपण पुरेशी अट म्हणतो ना, तीच ही.

आता रेव्हरंड नारायण वामन टिळक घ्या. १८९५ साली बाप्तिस्मा, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम. म्हणजे ल्युथरन नव्हेत. पण अभंग, ओवी, भजन त्यांनी उपासनेत आणलं. ‘उपासना संगीत’ उघडलं की त्यांची पदं भेटतात. सातव्या कलमाच्या दृष्टीने यात वावगं काहीच नाही. जनाबाईच्या गंगाखेडात जात्यावरची ओवी जितकी घरची, तितकीच ती ख्रिस्ती घरातही घरचीच.

“मग काहीही चालेल का?” असं कुणी विचारेल. नाही. १५४८ साली सम्राटाने अनेक जुन्या रीती पुन्हा लादल्या. मेलांख्थोनचं म्हणणं, रीतीच आहेत, पत्करू. फ्लाशियस म्हणाला, लादल्या गेल्या की त्या नुसत्या रीती राहत नाहीत. १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’च्या दहाव्या कलमाने एरवी मोकळीक ठेवली, पण छळाच्या वेळी झुकू नये असं सांगितलं. आमच्या मते सगळ्या कबुल्यांतला सर्वांत सूक्ष्म विचार हाच. झगा तोच असतो, तो कोण आणि का घालायला लावतं यावर त्याचा अर्थ ठरतो.

म्हणून ‘भजन हिंदूंचं, बंद करा’ हा हुकूम जितका चूक, तितकाच ‘ऑर्गन परका, फेकून द्या, नाहीतर तुम्ही इथले नाही’ हाही. दोन्हींत रीतीलाच विश्वासाची अट करून टाकलेली असते.

जाता जाता १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीविषयी. सॅक्सनीतल्या खेड्यांत फिरल्यावर लोकांना काहीच ठाऊक नाही हे पाहून ल्यूथरने ती लिहिली, घरच्या कर्त्याने मुलाबाळांना शिकवावी म्हणून. पाठांतराच्या प्रत्येक भागानंतर एकच प्रश्न येतो : याचा अर्थ काय? आपली मुलं विश्वासांगीकार घडाघडा म्हणतात. पुढच्या रविवारी त्यांना हा प्रश्न विचारून पाहा, आणि मग मोठ्यांनाही.